कमलच्या चार ओळी

आमच्या यशवंतपूरच्या घरात जेवायचं टेबल नव्हतं, पण गणिताचं होतं. जेवायला आम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसायचो. बाहेरच्या खोलीत मात्र खिडकीशी अण्णांचा ड्रॉइंगचा मोठा लाकडी फळा दोन घोड्यांवर आडवा टाकलेला असे, आणि त्याच्यासमोर तीन स्टुलं. अण्णा म्हणजे माझे वडील, तुमचे खापरपणजोबा नव्हेत, पणजोबा; रेवा दर वेळी चुकते म्हणून आधीच लिहून ठेवते. ते जवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. रद्द झालेले नकाशे ते घरी आणायचे, आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आमची कच्ची गणितं व्हायची. त्या कागदांना अमोनियाचा उग्र वास असे. मागच्या बाजूने मंडईतला गुळाचा आणि सुक्या मिरच्यांचा वास यायचा, आणि दिवसभर यार्डात मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत. एक धक्का बसला की तो शेवटच्या डब्यापर्यंत वाजत वाजत जायचा. ते ऐकत बेरजा करायची मला इतकी सवय होती, की परीक्षेच्या शांत हॉलमध्ये पहिली दहा मिनिटं मला काही सुचत नसे.

संध्याकाळी भोंगा झाला की पाव तासात अण्णा घरी येत. हातपाय धुऊन, कॉफी पिऊन ते फळ्याशी बसत आणि खिशातल्या ब्लेडने दोन पेन्सिलींना टोक काढत. एक त्यांची, एक माझी. मग रोज एकच गणित घालत, एकच. ते सुटलं तर आई मला तव्यावरची पहिली भाकरी, वर लोण्याचा गोळा, अशी फळ्यापाशीच आणून द्यायची. नाही सुटलं तरी भाकरी मिळे, पण पाटावर, सगळ्यांबरोबर. सकाळी ते दाढी करत असताना मी आरशाशेजारी उभी राहून पावकी, निमकी, औटकी म्हणायची. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. शाळा इंग्रजी, सिस्टरांनी शिकवलेले पाढे इंग्रजी, पण हे अपूर्णांकांचे पाढे आमच्या दोघांचे, मराठीतले होते. अण्णांच्या डाव्या हाताचं, खिडकीकडचं स्टूल माझं होतं. सहाव्या वर्षापासून माझं होतं. तिथे उजेड सरळ वहीवर पडायचा.

मी पंधरा वर्षांची असताना निपाणीहून कमल आली. ती माझ्या आत्याची मुलगी, माझ्याच वयाची. तिच्याबरोबर एक पत्र्याची पेटी, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि तिचे वडील होते. त्यांनी दारातच, चप्पल काढता काढता, अण्णांना सांगितलं, "पोरीला वरचं गणित शिकायचं वेड लागलंय. आमच्याकडं मुलींना ते शिकवत न्हाईत. दोन वर्षं ठेवून घ्या. काही चमकली तर पुढं बघू, न्हाई तर आणून लग्न लावतो. मुलगा बघून ठेवलाय." हे सगळं कमलसमोरच. ती खाली बघत चटणीच्या डब्याचं झाकण दाबत होती, ते आधीच घट्ट बसलेलं असताना.

खरं सांगायचं तर कमल आली म्हणूनच मला वरचं गणित मिळालं. आमच्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांत मुलींना साधं अंकगणित आणि गृहशास्त्र असे. मी आदल्या वर्षीच मुख्याध्यापिका मदरकडे अर्ज घेऊन गेले होते. "एका मुलीसाठी शिक्षक नेमता येत नाही," असं त्यांनी गोड आवाजात सांगितलं होतं. दोघी झाल्यावर त्या तयार झाल्या. निवृत्त झालेले देसाई सर आठवड्यातून तीन दिवस, शाळा सुटल्यावर, वाचनालयाच्या कोपऱ्यात आम्हाला शिकवू लागले. म्हणजे जिच्यामुळे मला हवी ती गोष्ट मिळाली, तिचाच मी मत्सर करत होते. हे मला तेव्हाही कळत होतं. कळल्याने काही कमी झालं नाही.

कमल डावखुरी होती. पहिल्या संध्याकाळी ती अण्णांच्या उजव्या हाताला बसली, आणि तिचं कोपर आणि अण्णांचं कोपर एकमेकांवर आपटू लागलं. अण्णांची रेषा दोनदा हलली. ड्राफ्ट्समनची रेषा हलणं म्हणजे काय, ते तुम्हाला कळणार नाही. आई दारातून पाहत होती. "अगं मालू, तू इकडे ये की. तिला ती बाजू सोयीची," ती सहज म्हणाली. मी उठले. बस्स, एवढंच झालं. कुणी माझ्यावर अन्याय केला नाही, कुणी मला काही बोललं नाही. पण त्या दिवसापासून माझ्या वहीवर अण्णांची सावली पडायला लागली. ब्लेडने आता तीन पेन्सिली केल्या जात, आणि पहिलं टोक काढलेली पेन्सिल डावीकडे जाई, कारण अण्णांना ती बाजू तशी सवयीची होती. ते माझ्याकडेच देत आहेत असं त्यांच्या हाताला वाटत असावं. मी रोज पाहायची.

कमलला पाढे येत नसत. सात आठे किती, हे ती बोटांच्या पेरांवर मोजायची. मला आधी त्याचं फार समाधान वाटे. पण गणित घातलं की ती पेन्सिल खाली ठेवून नुसती बघत बसायची, खालचा ओठ पुढे काढून. मी तोवर अर्धं पान भरलेलं असे, समास आखून, पायऱ्यांना आकडे घालून. मग एकदम ती म्हणायची, "मामा, ह्याला एवढं कशाला? हे न् ते सारखंच हाय की." आणि ते सारखंच असायचं. अण्णा हातातली पेन्सिल कानावर ठेवून हसायचे. तसं हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. माझं गणित बरोबर आलं की ते मान हलवत, कारखान्यात काम वेळेवर झालं की हलवत असतील तशी. लोण्याचा गोळा आई दोघींनाही द्यायची. आई न्यायी होती. पण पहिली भाकरी एकच असते.

देसाई सरांकडेही तेच. सर धारवाडकडचे. आम्ही इथले मराठी लोक कन्नड बोलतो ते बाजाराचं, शेजाराचं, "स्वल्प तडी" आणि "सरी सरी" म्हणजे जरा थांब, बरं बरं, एवढ्यावर भागणारं. कमल त्यांच्याशी त्यांच्या उत्तरेकडच्या कन्नडमध्ये बोलायची, आणि सरांचा चेहरा गावाकडचं कुणी भेटल्यासारखा होई. सर कडक होते. त्यांचा एक नियम होता आणि तो त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितला. उत्तर चुकलं पण रीत बरोबर असेल तर अर्धे गुण. उत्तर बरोबर पण रीत चूक असेल तर शून्य. "नशिबाने बरोबर आलेलं उत्तर मला नको," ते म्हणायचे. हा नियम लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात सर एक बातमी घेऊन आले. शहरातल्या एका विज्ञान संस्थेत उन्हाळ्यात शाळकरी मुलांसाठी सहा आठवड्यांचा गणिताचा वर्ग भरणार होता. मोठमोठे प्राध्यापक शिकवणार होते. प्रत्येक शाळेतून एकच नाव घेणार. आम्ही दोघींनी सरांनी दिलेली बारा गणितं सोडवून पक्क्या वहीत, शाईने लिहून द्यायची, आणि त्यावरून सर नाव ठरवणार. त्या रात्री जेवताना अण्णांनी निपाणीला पत्र लिहिल्याचं सांगितलं. आत्याच्या यजमानांचं उलट टपाली उत्तर आलं: निवड झाली तर मुलगी पुढे शिकेल, शब्द देतो, न झाली तर मे महिन्यात न्यायला येतो. कमलने ते पत्र वाचून घडी करून कंपासपेटीत ठेवलं. म्हणजे माझ्यासाठी तो सहा आठवड्यांचा वर्ग होता, आणि तिच्यासाठी सगळंच. मला हे नीट माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आणि तरीही मला ती जागा हवी होती. संस्थेपेक्षा मला अण्णांचं ते हसणं हवं होतं.

अकरा गणितं दोघींची सुटली. बारावं विचित्र होतं. समद्विभुज त्रिकोणात, म्हणजे ज्याच्या दोन बाजू सारख्या असतात त्यात, पायाचे दोन कोनही सारखे असतात, हे तर सगळी मुलं लहानपणीच शिकतात. शिरोबिंदूतून खाली एक रेषा काढायची, दोन त्रिकोण होतात, ते जुळतात, संपलं. सरांनी विचारलं होतं: एकही जास्तीची रेषा न काढता हे सिद्ध करा. मी तीन दिवस झगडले. शेवटी वरच्या गणितातलं त्रिकोणमितीचं एक सूत्र वापरून मी पावणेदोन पानांची सिद्धता लिहिली. एकही रेषा नव्हती. मला तिचा फार अभिमान वाटला. अण्णांनी बाराही गणितांना हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. "आता मी तुमचा कोणी नाही," ते म्हणाले आणि संध्याकाळी परसात फेऱ्या मारू लागले.

आता अडचण आली ती शाईची. कमल डावीकडून उजवीकडे डाव्या हाताने लिहायची, त्यामुळे तिची तळहाताची कड लिहिलेल्या ओळीवरून फिरायची आणि सगळं फासलं जायचं. तिची वही म्हणजे निळ्या ढगांचं चित्र. सरांना पक्की वही स्वच्छ लागे. कमलने त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, अक्षर कुणाचंही चालेल, डोकं ज्याचं त्याचं हवं. घरी येऊन तिने हे सांगितलं, आणि अण्णा माझ्याकडे बघून म्हणाले, "मालू, तुझं अक्षर मोत्यासारखं. दे की तिला उतरवून." आत आई पोळपाटावर लाटत होती, तिचं लाटणं क्षणभर थांबलं. आईला कळलं असावं. पण तिने पुढची पोळी लाटायला घेतली.

मी उतरवून दिलं. चार संध्याकाळी बसून, तांबड्या शाईने समास आखून, तिच्या कच्च्या कागदांवरून मी एकेक गणित पक्क्या वहीत घेतलं. मी पद्धतशीर मुलगी होते, आजही आहे. तुमच्या बाबाला विचारा, माझ्या मसाल्याच्या डब्यांवर अजून चिठ्ठ्या असतात. नकाशाच्या मागे, तिरक्या, गिचमीड पेन्सिलीने लिहिलेली कमलची गणितं माझ्या हातून सरळ होत होती, आणि सरळ झाल्यावर ती किती चांगली आहेत ते मला दिसत होतं. एखाद्याचा हेवा वाटत असताना त्याचं काम स्वतःच्या सुंदर अक्षरात लिहायला लागणं, ही शिक्षा मी शत्रूलाही देणार नाही.

चौथ्या दिवशी बारावं गणित आलं. चार ओळी होत्या. तिने त्रिकोण क ख ग घेतला होता आणि त्याची तुलना केली होती त्रिकोण क ग ख शी. मी पुन्हा वाचलं. हा तर एकच त्रिकोण! तिने त्याच त्रिकोणाची अक्षरं उलटसुलट करून त्याला दुसरा त्रिकोण मानलं होतं. एक बाजू दुसरीएवढी, दुसरी पहिलीएवढी, मधला कोन तोच. म्हणून दोन्ही त्रिकोण एकरूप. म्हणून पायाचे कोन सारखे. मला हसू फुटलं. दोन त्रिकोण जुळवायला दोन त्रिकोण तर हवेत! घाईत हिला एकाचे दोन दिसले. माझ्या अंगातून जी गरम, गोड लहर गेली ती मला अजून आठवते. ती लाज वाटण्याच्या आधी येते, आणि लाजेपेक्षा जास्त वेळ टिकते.

मी पेन शाईत बुडवलं, तेवढ्यात कमल दोरीवरचे कपडे काढून आत आली. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती माझ्यामागे उभी राहिली.

"कुठवर आलीस?"

"शेवटचं."

"मालू," ती हळू म्हणाली, "ते तेवढं बघ की गं. मला भ्या वाटायलंय. फारच सोपं झालंय. मामा तर बोलत न्हाईत. चूक हाय वाटलं तर सांग, मी काढून टाकते. रिकामं सोडलेलं बरं. चुकलेलं दिलं तर सर बाकीच्या अकरावर पण विश्वास ठेवणार न्हाईत."

मी कागदाकडे पाहत राहिले. तिचं म्हणणं खरं होतं. सर तसेच होते.

"बघितलंस का?"

"बघितलं," मी म्हणाले. "बरोबर आहे."

"नक्की?"

"हो गं. अगदी बरोबर आहे. ठेव."

तिने सुटकेचा श्वास टाकला आणि माझ्या डोक्यावर हातातला एक धुतलेला टॉवेल टाकला, लाडाने. "तू म्हणालीस म्हणजे झालं. तुझं कधी चुकत न्हाई." आणि ती आत जाऊन आईला ओरडून सांगू लागली, "मामी, मालू म्हणतीया बरोबर हाय!" मी टॉवेलखाली तशीच बसून राहिले. त्याला उन्हाचा वास येत होता. मग तो काढून घडी केली आणि त्या चार ओळी मी वहीत इतक्या सुंदर अक्षरात उतरवल्या, की बाराही गणितांत ते पान सर्वांत देखणं झालं.

पुढच्या आठवड्यात सरांनी दोन्ही वह्या टेबलावर ठेवल्या. आधी माझी उघडली. "अकरा उत्तम," ते म्हणाले. "बाराव्यात रेषा नाही काढलीस. पण हे सूत्र सिद्ध कसं होतं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं. ते सूत्र सिद्ध करताना शिरोबिंदूतून खाली एक लंब टाकावा लागतो. "म्हणजे रेषा आहेच," सर म्हणाले. "फक्त तू ती दुसऱ्याच्या घरात लपवलीस." मग त्यांनी कमलची वही उघडली, शेवटचं पान काढलं, ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला. "भाळ छलो," ते म्हणाले, कमलकडे नाही, त्या पानाकडे बघत. फार छान. "त्रिकोणाची तुलना दुसऱ्या कुणाशी कशाला करायची? तो स्वतःशीच जुळतो. उचलायचा, पालथा घालायचा, परत तिथेच ठेवायचा. हे मला शिकायला कॉलेजपर्यंत जावं लागलं." कमल रडायला लागली. रडता रडता तिने टेबलाखालून माझा हात धरला आणि सरांना म्हणाली, "सर, मी हे काढून टाकणार होते. मालूनं ठेव म्हणून सांगितलं. तिला आधी कळलं." सरांनी माझ्याकडे आदराने पाहिलं. देसाई सरांनी माझ्याकडे तसं त्या एकदाच पाहिलं.

घरी अण्णांनी ती वही हातात घेतली, शेवटचं पान वाचलं, आणि कानावर पेन्सिल ठेवून ते हसले, मला हवं होतं ते हसणं. कमलची पाठ थोपटली. मग माझ्याकडे वळून, मला वाईट वाटू नये म्हणून, अगदी मनापासून म्हणाले, "आणि अक्षर काय आलंय मालू! वा!" आईने त्या दिवशी शेंगांच्या पोळ्या केल्या होत्या. मी तीन खाल्ल्या. कुणाला शंका येऊ नये म्हणून.

कमल संस्थेत गेली. मे महिन्यात तिचे वडील आले ते पेढे घेऊन. पुढे ती धारवाडला गणित शिकवू लागली, विभागप्रमुख होऊन निवृत्त झाली. मी इंग्रजी साहित्य घेतलं. घरी म्हणाले, मालूला भाषेची आवड आहे. मला नव्हती, पण त्या फळ्यापाशी परत बसायला माझ्याकडे तोंड नव्हतं. खिडकीकडचं स्टूल त्या उन्हाळ्यात रिकामं झालं. अण्णा रोज म्हणायचे, ये की इकडे. मी कधी सरकले नाही.

तुम्हाला हे का लिहिते आहे? कारण गेल्या महिन्यात रेवाने व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "आजी, कमलआजी म्हणाली की तिचा तो फेमस प्रूफ तू सगळ्यात आधी ओळखलास! मग तू मॅथ्स का सोडलंस?" रेवा, तुझं स्वतःचं वरच्या गणिताचं शेवटचं वर्ष चालू आहे, आणि तुझ्या वर्गातली ती कोरियन मुलगी तुझ्याआधी सगळं सोडवते, हे तू मला ज्या आवाजात सांगितलंस तो आवाज मी ओळखते. तो माझा आहे. म्हणून तुला खोटी आजी देणं बरं नव्हे असं ठरवलं. पण आधी कमलला सांगणं भाग होतं.

तिचा फोन दर रविवारी सकाळी अकराला येतो. मी इथे व्हाइटफील्डला बाल्कनीत बसले होते, खाली मेट्रो जाताना दिसत होती. मी सगळं क्रमाने सांगितलं: स्टूल, पेन्सिल, टॉवेल. चूक आहे असं समजूनच बरोबर म्हणाले, तू हरावीस म्हणून म्हणाले, हेही सांगितलं.

"म्हणजे," ती म्हणाली, "उत्तर बरोबर होतं, रीत चूक."

"हो."

"सरांनी शून्य दिलं असतं बघ तुला."

"हो."

"मी अर्धे देते. अक्षर चांगलं होतं." आणि मग, त्याच दमात, "जेवलीस काय?"

मी फोन ठेवला. मला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं लिहायचं ठरवलंच आहे तर हेही लिहिते, की त्याच वेळी आत ती जुनी कळ पुन्हा उठली. साठ वर्षं मी जे गणित घेऊन बसले होते, ते तिने चार ओळींत सोडवलं. मला इतकी पानं लागली.